पाळी गेल्यावरची हाडं आणि फळीवरच्या डब्या

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीचा पाय अंगणातल्या ओल्या शहाबादी फरशीवर घसरला. तोल सावरायला तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. वय ५८. जिन्यावरून पडली नाही, गाडीवरून पडली नाही. उभ्याची बसली, एवढंच. प्लास्टर घालून घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे ओळीने डब्या मांडलेल्या होत्या. कांडवेलीच्या कॅप्सूल, शतावरी कल्प, मोरिंगा पावडर, अश्वगंधा, प्रवाळ भस्म आणि कुणीतरी गावाकडच्या वैदूकडून आणून दिलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या. "अगं, चार वर्षं एक दिवस न चुकवता घेतेय मी हे सगळं," ती म्हणाली. "मग हाड मोडलंच कसं?"

या प्रश्नाला "असल्या पुड्या घेऊच नयेत" असं उत्तर देणं सोपं होतं. पण ते तिच्यावर अन्याय करणारं झालं असतं. चार वर्षं तिने स्वतःच्या हाडांची काळजी केली होती. पैसे घातले होते, पथ्य पाळलं होतं. तिला हवं होतं ते नीट उत्तर. तिचा हात गळ्यात बांधलेला असताना पुढचे पाच-सहा आठवडे आम्ही दोघी रोज संध्याकाळी एकेक डबी घेऊन बसायचो. त्या बसण्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे, कारण अशी फळी आज बऱ्याच घरांत आहे.

आधी हाडाबद्दल. हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, एकदा घडलं की झालं. खरं तर ते जन्मभर उखणलं आणि पुन्हा भरलं जात असतं. जुनं हाड कुरतडून काढणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. झालेल्या खड्ड्यात नवं हाड भरणाऱ्या वेगळ्या, त्या ऑस्टिओब्लास्ट. कुरतडण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरून यायला मात्र तीन-चार महिने लागतात. ज्यांनी मातीची जमीन केलेली पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. उखणायला एक सकाळ पुरते. भर घालून, चोपून, सारवून ती घट्ट व्हायला किती दिवस जातात. साधारण तिशीपर्यंत हाडात भर पडत राहते, मग काही वर्षं जमाखर्च सारखा राहतो.

या कुरतडणाऱ्या पेशींवर लगाम ठेवायचं काम इस्ट्रोजेन हे संप्रेरक करतं. पाळी जाते म्हणजे बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन जवळजवळ थांबतं आणि लगाम सुटतो. उखणणारे हात वाढतात, भरणारे तेवढेच राहतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही जणींच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. नंतरही झीज चालू असते, पण वेग मंदावतो. पाश्चात्त्य देशांत पाळी जाण्याचं सरासरी वय ५१ च्या आसपास आहे; आपल्याकडे ते ४६-४७. म्हणजे आपल्या बायकांच्या हाडांना इस्ट्रोजेनशिवाय चार-पाच वर्षं जास्त काढावी लागतात. ज्यांचं गर्भाशय लवकर काढलं गेलं त्यांचं तर आणखी कठीण. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं कमी वयात काढल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या तेव्हा चर्चा झाली ती मुकादम, उचल आणि खाडे यांची. ती व्हायलाच हवी होती. पण त्या बायकांच्या हाडांचं पुढे काय होणार, हे कुणी विचारलं नाही. गर्भाशयाबरोबर बीजकोश काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. ठेवले तरी ते लवकर थकू शकतात.

झीज आधी जाळीदार हाडात होते. मणक्यांत ते भरपूर असतं आणि मनगटाच्या टोकालाही. म्हणून पन्नाशीत मनगट, साठी-पासष्टीच्या पुढे मणके आणि सत्तरीनंतर खुबा, असा मोडण्याचा क्रम पुष्कळदा दिसतो. मणक्याचं मोडणं तर कित्येकदा कळतही नाही. उंची दोन इंच कमी होते, पोक येतं, आणि आपण म्हणतो, वय झालं. मावशीचं मनगट ही पहिली वर्दी होती.

आता तिच्या प्रश्नातल्या गुंत्याकडे येते. "तुला या डब्यांचा फायदा होतोय असं कशावरून वाटलं?" असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "गुडघे कमी दुखायला लागले होते." बहुतेक बायका हेच सांगतात. पण गुडघे दुखतात ते सांध्यातली कूर्चा झिजल्यामुळे. तो संधिवाताचा प्रकार, ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाडं ठिसूळ होणं म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, आणि तो मोडेपर्यंत दुखतच नाही. ड जीवनसत्त्व फारच कमी झालं तर हाडं ठणकतात, पण तोही वेगळा आजार. म्हणजे चूर्णाने दुखणं कमी झालं असेल, शांत झोप लागली असेल, अंगात तरतरी आली असेल, तरी त्यावरून हाडाबद्दल काहीच कळत नाही. ज्या आजाराला वेदना नाही त्यावरचं औषध लागू पडतंय की नाही, हे अंगाला विचारून समजणार नाही. मोजावंच लागतं.

मोजायचं यंत्र म्हणजे डेक्सा. अगदी थोड्या क्ष-किरणांनी कमरेचे मणके आणि खुबा यांची घनता मोजतात आणि ती तरुण स्त्रीच्या सरासरीशी ताडून टी-स्कोअर नावाचा आकडा देतात. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ही रेघ आखली. गणपतीच्या मंडपात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये जी मोफत शिबिरं भरतात, तिथे टाच एका छोट्या यंत्रात ठेवायला सांगतात. ते अल्ट्रासाउंडचं यंत्र असतं. त्याच्या आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान करता येत नाही; फार तर पुढे तपासणी करावी का, एवढा अंदाज येतो. मावशीला अशाच एका शिबिरात "हाडं कमकुवत" असं सांगून लगेच शेजारच्या टेबलावरची डबी दिली होती. फळीवरची पहिली डबी ती.

उंदीर, रक्त, घनता आणि मोडणं

एखाद्या वनस्पतीने हाडं बळकट होतात असं कुठे वाचलं, की मी आता एकच विचारते: हे कुणात आणि काय मोजून ठरवलं? सगळ्यात खालची पायरी उंदरांची. मादी उंदराचे बीजकोश काढतात, हाडं झिजू लागतात, मग अर्क देऊन झीज कमी होते का बघतात. इथे यशस्वी ठरलेल्या वनस्पतींची यादी खूप लांब आहे. दुसरी पायरी माणसाच्या रक्ताची. हाड झिजताना त्याचे काही तुकडे रक्तात उतरतात, ते कमी झाले का हे तपासतात. तिसरी पायरी डेक्सावरच्या घनतेची. तिला वर्ष-दोन वर्षं द्यावी लागतात. सगळ्यात वरची पायरी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती म्हणजे हाड मोडायचं टळलं का. त्यासाठी शेकडो, खरं तर हजारो स्त्रिया आणि तीन-चार वर्षं लागतात. डबीवर "संशोधनाने सिद्ध" असं छापलेलं असतं तेव्हा ते संशोधन बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरचं असतं.

पायऱ्या चढताना काय होऊ शकतं हे इप्रिफ्लावोनच्या गोष्टीवरून कळतं. सोयाबीनमध्ये जे आयसोफ्लावोन असतात त्यांच्या घडणीवरून प्रयोगशाळेत तयार केलेला हा पदार्थ. उंदरांत छान चालला. स्त्रियांवरच्या लहान-लहान प्रयोगांतही घनता टिकून राहिल्याचं दिसलं. जपान आणि इटलीत तो औषध म्हणून दिला जाऊ लागला, अमेरिकेत दुकानातून पूरक गोळी म्हणून विकला जाऊ लागला. मग युरोपातल्या चार केंद्रांनी मिळून ४७४ स्त्रियांवर काटेकोर प्रयोग केला. सगळ्यांना कॅल्शियम दिलं. निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम इप्रिफ्लावोन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. २००१ साली निकाल छापून आला. घनतेत फरक नाही, रक्तातल्या खुणांत फरक नाही, मोडण्यात फरक नाही. उलट इप्रिफ्लावोन घेणाऱ्यांपैकी २९ जणींच्या रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी झाल्या. लहान प्रयोगांत जे दिसलं होतं ते मोठ्या प्रयोगात टिकलं नाही आणि लहान प्रयोगांत जे दिसलं नव्हतं ते अपाय मात्र समोर आले.

खुद्द सोयाबीनच्या आयसोफ्लावोनचं काय? त्यांचा रेणू इस्ट्रोजेनच्या तोंडवळ्याचा असतो, म्हणून त्यांना वनस्पतीज इस्ट्रोजेन म्हणतात. शरीरात इस्ट्रोजेन जिथे जाऊन बसतं तिथे तेही जाऊन बसतात, पण जोर फार कमी. अमेरिकेत मायामीला २४८ स्त्रियांवर दोन वर्षं प्रयोग झाला. पाळी जाऊन पाच वर्षांच्या आतल्या या स्त्रिया, म्हणजे झीज सगळ्यात वेगाने चालू असतानाच्या. रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लावोन दिले. २०११ साली निकाल आला: हाडांची झीज थांबली नाही, आणि ज्या गरम वाफांसाठी बायका सोया घेतात त्या सोया घेणाऱ्या गटात जास्त निघाल्या. दुसऱ्या बाजूला, इटलीत ३८९ स्त्रियांना सोयातलाच जेनिस्टाइन हा एक घटक दिला होता. २००७ च्या त्या निकालात दोन वर्षांत घनता वाढलेली दिसली. त्यामुळे सोयात काहीच नाही असं मी म्हणणार नाही. पण एक प्रयोग हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, आणि मोडणं टळल्याचं कुणीच दाखवलेलं नाही, अशा ठिकाणी आपण आज उभ्या आहोत.

फळीवरच्या डब्या, एकेक करून

कांडवेल मला स्वतःला आवडते. कुंपणावर चढणारी, चौकोनी पेरांची ही वेल. पेर पेराला जोडलेलं, म्हणून संस्कृतात अस्थिशृंखला आणि आपल्याकडे हाडसांधी. तमिळनाडूत पिरंडई म्हणून तिची चटणी करतात. चिरताना हाताला तेल लावतात, कारण तिच्यातल्या ऑक्झलेटच्या बारीक सुयांनी खाज सुटते. मोडलेल्या हाडावर ती लावायची आणि पोटात घ्यायची परंपरा जुनी आहे. उंदरांवरचे निकाल चांगले आहेत. स्त्रियांवरचे प्रयोग थोडे, लहान आणि काही महिन्यांचे आहेत. त्यांत रक्तातल्या खुणांवर काही परिणाम दिसतो, पण ठिसूळ हाडाचं मोडणं टळतं हे त्यांतून ठरत नाही. मोडलेलं जोडणं आणि न मोडू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मावशीला त्याच वेळी उमगलं.

शतावरीवर इंग्लंडमध्ये पाळी गेलेल्या २० स्त्रियांवर सहा आठवड्यांचा प्रयोग झाला, २०२१ साली छापला गेला. हाताची पकड सुधारली, हाडाच्या खुणांत बदल झाला नाही. सहा आठवड्यांत हाडाचं फार काही कळण्यासारखं नसतंच, पण पकडीचं ऐकून मावशी खूश झाली. होऊ दे. स्नायूंत बळ असेल तर तोल जाऊन पडण्याची वेळ कमी येते.

लाक्षादी गुग्गुळ फळीवर नव्हता, पण हाडांसाठी वैद्य पुष्कळदा देतात. लाख, हाडसांधी, अर्जुन, अश्वगंधा, नागबला आणि गुग्गुळ असं ते मिश्रण. शिकलेल्या वैद्याच्या नजरेखाली घेणं निराळं आणि जाहिरात बघून मागवणं निराळं. गुग्गुळ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर आणि थायरॉइडच्या औषधांबरोबर जपून द्यावा लागतो, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

प्रवाळ, शंख, मोत्याची शिंप, अंड्याचं कवच यांची भस्मं आणि पिष्टी मुख्यतः कॅल्शियमचेच क्षार. औषधाच्या दुकानातली साधी कॅल्शियम कार्बोनेटची गोळीही त्यातलीच. फरक एवढाच की गोळीवर किती मिलिग्रॅम कॅल्शियम आहे ते लिहिलेलं असतं, आणि पुडीवर नसतं.

मोरिंगाचा हिशेब तर आम्ही पेन्सिल घेऊन केला. मोरिंगा म्हणजे आपला शेवगा. मावशीच्या परसात झाड आहे आणि फळीवर त्याच्याच पाल्याच्या कॅप्सूल. वाळवलेल्या पाल्यात १०० ग्रॅमला साधारण २००० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आकडा ऐकायला मोठा. पण कॅप्सूलमध्ये अर्धा ग्रॅम भुकटी असते, म्हणजे १० मिलिग्रॅम. दिवसाला दोन घेतल्या तर २०. पाळी गेलेल्या स्त्रीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एक पेला दुधात सव्वादोनशे-अडीचशे असतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे एका मोठ्या भाकरीत दोनशे. तिळात तर १०० ग्रॅमला हजाराच्या वर, पण तिळाच्या टरफलात ऑक्झलेट असल्याने त्यातलं सगळं अंगी लागत नाही. नाचणीतल्या फायटेटचंही तसंच. मात्र मोड आणले किंवा आंबवलं की फायटेट कमी होतं. आंबील करणाऱ्या आज्यांना फायटेट हा शब्द माहीत नव्हता, कृती बरोबर माहीत होती. मावशीने कॅप्सूल बंद केल्या आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी आठवड्यातून दोनदा सुरू केली.

वनस्पतीजन्य गोष्टींत हाडाच्या घनतेवर बऱ्यापैकी मोठ्या प्रयोगात परिणाम दिसला तो सुक्या आलुबुखाराचा, आणि ते खाणं आहे, गोळी नाही. अमेरिकेत २३५ स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला, २०२२ चा. रोज ५० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा फळं खाणाऱ्यांच्या खुब्याची घनता टिकली, न खाणाऱ्यांची उतरली. ज्यांना १०० ग्रॅम खायला सांगितलं त्यांतल्या खूपशा मधेच सोडून गेल्या, इतकं रोज खाववत नाही म्हणून. साखर असणाऱ्यांनी अर्थातच विचारून खावं. मोडणं टळतं का, ते याही प्रयोगात मोजलेलं नाही.

अपाय

"झाडपाला आहे, फायदा नाही झाला तरी तोटा काय होणार?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

करोनाच्या पहिल्या वर्षी घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले; सगळे गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीऐवजी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असं सांगितलं. दोन्ही बाजू धरल्या तरी आपल्या हाती काय लागतं? डबीत कोणती वेल आहे हे घेणारीला कळायला मार्ग नाही. अश्वगंधेनेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. शिवाय अश्वगंधेने थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं. जिची थायरॉइडची गोळी चालू आहे तिच्यात ते गरजेपेक्षा जास्त झालं तर हाडांची झीज वाढते. हाडांसाठी घेतलेली गोष्ट हाडावरच उलटते.

धातूंचं तसंच. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली छापून आली; त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिशाचा हाडाशी फार जवळचा संबंध आहे. शरीराला ते कॅल्शियमसारखं भासतं, म्हणून ते हाडात जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. पाळी गेल्यावर हाड वेगाने झिजू लागलं की ते साठलेलं शिसं पुन्हा रक्तात उतरतं. चाळिशीत घेतलेल्या पुडीचा हिशेब साठीत द्यावा लागू शकतो.

आणि त्या लेबल नसलेल्या पुड्या. मला सगळ्यात जास्त राग त्यांचा येतो. गुडघे-कंबर दुखीवर "दोन दिवसांत फरक" म्हणून विकल्या जाणाऱ्या देशी पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचं वेळोवेळी पकडलं गेलं आहे. स्टिरॉइडने सूज आणि दुखणं झटकन कमी होतं, भूक वाढते, चेहरा भरल्यासारखा दिसतो. घेणारीला वाटतं, चला, गुण आला. पण रोज, तीन महिन्यांहून जास्त घेतलेलं स्टिरॉइड हे औषधांमुळे हाडं ठिसूळ होण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. ते नवं हाड भरणाऱ्या पेशींनाच मारतं. मावशीच्या पुड्यांत काय होतं ते आम्हाला कधीच कळणार नाही. मात्र त्या घेतल्यावर दोन दिवसांत गुडघे हलके झाले होते हे तिला स्पष्ट आठवतं. अशा पुड्या महिनोन् महिने घेतल्या असतील तर एकदम सोडूही नयेत, कारण शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबलेलं असू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि न लाजता दाखवावी.

डबी हातात घेतलीत तर परवाना बघा. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांवर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असतो आणि ते औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, असंही बारीक अक्षरांत छापावं लागतं. ते बारीक वाक्य आणि वरचं "हाडं मजबूत" हे ठळक वाक्य एकमेकांशेजारी ठेवून वाचा. आयुर्वेदिक औषधावर औषध-निर्मितीचा परवाना असतो; पण ग्रंथोक्त पाठाप्रमाणे केलेल्या औषधाला परवाना मिळवताना माणसांवरच्या प्रयोगाचा निकाल दाखवावा लागत नाही.

मग हाड मोडू नये म्हणून खरंच काय उपयोगी पडतं? ज्यांचा धोका जास्त आहे त्यांच्यासाठी उत्तर औषध हेच आहे, आणि इथे पुरावा सगळ्यात वरच्या पायरीवरचा आहे. आठवड्यातून एकदा घ्यायच्या ॲलेन्ड्रोनेटच्या गोळीने, आधी मणका मोडलेल्या २०२७ स्त्रियांवरच्या १९९६ च्या प्रयोगात, नव्याने मणका मोडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं (तेव्हा ती गोळी रोज देत). वर्षातून एकदा शिरेतून देतात त्या झोलेड्रॉनिक ॲसिडने तीन वर्षांत मणक्यांचं मोडणं ७० टक्क्यांनी आणि खुब्याचं ४१ टक्क्यांनी घटलं, हा निकाल २००७ चा. या औषधांनी जबड्याच्या हाडाला इजा होणं किंवा मांडीचं हाड विचित्र ठिकाणी मोडणं असे दुर्मीळ अपाय होतात. म्हणून काही वर्षांनी डॉक्टर ती थांबवून पाहतात. मला ते लपवायचं नाही. फक्त हे अपाय मोजलेले आहेत. पुडीचे अपाय कुणी मोजलेलेच नाहीत.

इस्ट्रोजेन बाहेरून देणं हाही मार्ग आहे. अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात त्याने खुब्याचं मोडणं सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं, पण २००२ साली तोच प्रयोग स्तनाच्या कर्करोगाचा वाढलेला धोका दिसल्याने थांबवावा लागला. आज पाळी नुकतीच गेलेल्या, वाफांनी हैराण झालेल्या काही जणींना विचारपूर्वक ते देतात. कुणाला द्यायचं हे स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर बसून ठरवायचं. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी तर सोया, शतावरी असल्या इस्ट्रोजेनच्या तोंडवळ्याच्या गोळ्याही आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

कॅल्शियमची गोळी सर्रास देतात, पण तिचीही मर्यादा आहे. ३६,२८२ स्त्रियांवरच्या २००६ च्या प्रयोगात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाने खुब्याची घनता किंचित सुधारली, पण मोडणं ठरवून सांगण्याइतकं कमी झालं नाही, आणि मूतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. म्हणून आधी ताटातलं कॅल्शियम मोजावं आणि तूट असेल तेवढीच गोळीने भरावी. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर अंगी लागत नाही, आणि कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर घ्यावं.

व्यायामाबद्दल मला सगळ्यात जास्त आशा वाटते. हाडाला ओझं पेललं की ते दाट होतं. ऑस्ट्रेलियात कमी घनता असलेल्या १०१ स्त्रियांवर आठ महिने प्रयोग झाला: आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली चांगलं जड वजन उचलायचं. कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी उतरली. हे वाचून घरी एकदम हंडा उचलायला जाऊ नका, मणका आधीच पिचलेला असेल तर वाकून वजन उचलणं धोक्याचं आहे. आधी डेक्सा, मग फिजिओथेरपिस्ट, मग वजन. आणि ओल्या फरशीवर खडबडीत पायपुसणं, न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री वाटेत दिवा. पडलं नाही तर मोडत नाही.

मावशीचा टी-स्कोअर कमरेत उणे २.७ निघाला. अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाताना तिने सगळ्या डब्या आणि पुड्या एका कापडी पिशवीत घातल्या आणि टेबलावर ओतल्या. डॉक्टरांनी एकेक उचलून पाहिली. तेव्हा आम्हा दोघींच्याही ध्यानात न आलेली एक गोष्ट त्यांनी विचारली: "थायरॉइडची गोळी कधी घेता?" सकाळी उठल्या उठल्या, ती म्हणाली. "आणि हे प्रवाळ?" तेही त्याच पाण्याबरोबर. कॅल्शियम पोटात असलं की थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. चार वर्षं तिच्या गोळीचा डोस वाढत का जात होता, ते तिथे कळलं. आता थायरॉइडची गोळी पहाटे, कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. आणि रविवारी पहाटे सगळ्यात आधी ॲलेन्ड्रोनेट: उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. थायरॉइडची गोळी त्या दिवशी अर्ध्या तासाने. तो अर्धा तास ती अंगणात फेऱ्या घालते, चपला घालून, कोरड्या बाजूने.